दहा गोंड्यांचे आर्चबिशप

फेब्रुवारी महिना. नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा. मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, मिरवणूक वेदीकडे निघाली आहे. डोक्यावर उंच, टोकदार टोपी म्हणजे मायटर, हातात मेंढपाळाचा दंड, बोटात अंगठी. मायटर उतरला की खाली जांभळी टोपी. यातले बिशप, म्हणजे कॅथलिक चर्चच्या एका विभागाचे (धर्मप्रांताचे) प्रमुख, कोण आणि त्यांच्याहून वरच्या दर्जाचे आर्चबिशप कोण? पोशाखावरून ओळखणं अवघड. दोघांचीही टोपी जांभळीच.

ओळख पटते ती पत्रिका-फ्लेक्सवर छापल्या जाणाऱ्या त्यांच्या मानचिन्हावरून. ढालीच्या वर रुंद काठाची हिरवी हॅट, दोन्ही अंगांना लोंबणारे गोंडे. वरून खाली मोजत या: एक, दोन, तीन. एका बाजूला सहा भरले, म्हणजे बिशप. खाली चार गोंड्यांची आणखी एक ओळ असेल तर झाले दहा, म्हणजे आर्चबिशप. ढालीमागचा क्रूसही पाहा. बिशपांच्या क्रूसाला आडवी दांडी एक, आर्चबिशपांच्या दोन. पोपच्या खालोखाल मान असलेले कार्डिनल असतील तर गोंडे पंधरा आणि लालभडक. घोळ होतो तो छापखान्यात. फ्लेक्सवाला नेटवर सापडेल ते चित्र उचलतो आणि बिशपांना परस्पर बढती देऊन टाकतो.

दहा गोंडे आले म्हणून धर्मप्रांताचा दर्जा मात्र वाढत नाही. नाशिकनं हे पाहिलं आहे. 1987 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला हा धर्मप्रांत मुंबईच्या आर्चबिशपांच्या प्रांतात, म्हणजे अनेक धर्मप्रांतांच्या गटात, मोडतो. 2008 मध्ये इथे नेमणूक झाली ती मूळ वसईच्या, रोममध्ये काम केलेल्या फेलिक्स मच्याडो यांची. नेमणूक बिशपपदावर, पण पोपनी सोबत दिलेली ‘आर्चबिशप’ ही पदवी वैयक्तिक. माणसाची, गादीची नव्हे. 2009 मध्ये ते वसईला गेले, पदवीही त्यांच्याबरोबर गेली. नाशिकची गादी होती तशीच, बिशपांची.

काही आर्चबिशपांच्या खांद्यावर दिसणारी पांढऱ्या लोकरीची पट्टी म्हणजे पॅलियम. तिच्यावर सहा काळे क्रूस. आपल्याकडे ती मिळते प्रांतप्रमुख आर्चबिशपांना, आणि तेही ती घालतात आपल्या प्रांतापुरतीच. नुसत्या पदवीच्या आर्चबिशपांना ती नाही. गोव्याच्या आर्चबिशपांना तर 1886 पासून ‘पॅट्रिआर्क ऑफ द ईस्ट इंडीज’ हा किताब आहे. त्या किताबामुळे मुंबई-नाशिकवर अधिकार म्हणाल, तर काडीचाही नाही.

तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी ‘आर्चबिशप’ आणि खालच्या ओळीत ‘अमुक धर्मप्रांताचे बिशप’ असं दिसलं, तर ती छपाईची चूक समजून खोडू नका. प्रूफ मात्र बिशप हाऊसला, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाला, दाखवूनच छापायला द्या, मानचिन्हासकट.