ठासून सांगतो, गजावर खूण करा!

नमस्कार मंडळी! डिसेंबर लागला की कमेंटमध्ये एकच धोशा असतो, "दादा, ठासणीच्या बंदुकीवर व्हिडिओ कधी?" घ्या, बसलो एकदाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे पेनसिल्व्हेनियात नाताळ उरकला की हरणांचा फ्लिंटलॉक सीझन लागतो. १९७४ पासूनची प्रथा. गारगोटीच्या ठिणगीवर उडणारीच बंदूक हवी, केपाची (टोपी ठोकून पेटणारी) नको, आधुनिक इनलाइनही (टोपी थेट दारूच्या मागे बसते ती) नको. आणि हो, भारतातून विचारणाऱ्यांनो, तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. हा व्हिडिओ बघून आजोबांची माळ्यावरची बंदूक खाली काढू नका. "एच-वन-बीवर बंदूक चालते का?" हे वकिलाला विचारा, मी सॉफ्टवेअरवाला माणूस.

आता सामान. ही माझी .५० ची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची. ही शिशाची गोळी, .४९० ची, म्हणजे नळीपेक्षा किंचित बारीक. उरलेली फट ही तेल लावलेली सुती चिंधी भरून काढते. ही काळी दारू, आणि हे पितळी माप. दारू मापानंच घ्यायची, डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. आत ठिणगी उरली असेल तर हातातला डबाच उडेल. काडतुसातली बिनधुराची दारू तर चुकूनसुद्धा नाही, नळी फाटते. "आधी गोळी की आधी दारू?" असं तिघांनी विचारलंय. अहो! दारू, मग चिंधीत बसवलेली गोळी, मग गजानं ठासायचं. बेसिक संपलं.

आता हा गज नीट बघा. जवळ आणतो... दिसतायत? दोन खुणा. वरची, बंदूक रिकामी असताना गज नळीच्या तोंडाशी जिथपर्यंत येतो तिथली. खालची, भरलेली असतानाची. मधे जेमतेम तीन बोटांचं अंतर, कारण आत माझी ७० ग्रेन (साधारण साडेचार ग्रॅम) दारू आणि गोळी बसलेली असते. तुमचं माप वेगळं असेल तर खूणही वेगळी. बंदुकीच्या पुस्तकात दिलेल्या मापाच्या वर जाऊ नका.

गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटूही शकते. दोन-चार बार झाले की आत काजळी साचते आणि गोळी वाटेतच अडकते. हाताला वाटतं, बसली. बसलेली नसते! खूण बघा.

एकानं लिहिलंय, "आमचे पणजोबा खूण-बिण न करता रानडुकरं पाडायचे." पाडत असतील. माझे आजोबाही कोकणात केपाची बंदूक बाळगून होते, पिकाच्या राखणीला, परवान्याची. त्यांच्या गजावर चाकूनं पाडलेली खाच होती. लहानपणी मला ती नक्षी वाटायची.

माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी रेंजवर शेजारच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत भरत होतो. गोळी ठासली, चाप ओढला, चापाजवळच्या वाटीतलं रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, फुस्स करून पेटलं आणि पुढे काहीच नाही. नळी समोर धरून मिनिटभर थांबलो, कारण बार उशिरानंही उडू शकतो. पुन्हा रंजक, पुन्हा फुस्स. म्हातारा म्हणाला, गज घाल. घातला, तर खालची खूण नळीच्या आत गडप! दारूच घातली नव्हती. मग स्क्रू लावून गोळी उपसत बसलो. उलटंही होतं, भरलेल्यावरच पुन्हा भरतात, तेव्हा खूण बरीच वर राहते. "भरलीय का" हे आठवून ठरवायचं नसतं, गज घालून बघायचं.

नेम चुकतो म्हणणाऱ्यांनो, तुम्हालाही हेच. गोळी दर वेळी सारख्याच खोलीवर, सारख्याच दाबानं बसली तर नेम जागेवर येतो. एकदा हलकी, एकदा दणकून ठासलीत तर सगळा दोष सायटीला का देता? मी तरीही पन्नास यार्डांपलीकडे मारत नाही.

रंजकाचं पटकन. वाटी गच्च भरू नका. नळीचा कान, म्हणजे हे बाजूचं बारीक भोक, रंजकानं बुजलं की ते वातीसारखं जळत आत जातं आणि बार रेंगाळतो. कानाच्या खाली, अर्धी वाटी पुरे. बर्फ भुरभुरत असेल तर चापाच्या कळीवर हे चामडं बांधायचं. इथले लोक याला 'गाईचा गुडघा' म्हणतात, पूर्वी खरंच तिथल्याच कातड्याचं करायचे. आणि भरलेली बंदूक थंडीतून उबदार घरात आणू नका, दव धरून दारू ओलावते.

"हरणाला का मारता?" या कमेंटवर वेगळा व्हिडिओ करीन. आमच्याकडे टॅग, म्हणजे हरणाचा परवाना, असतो, आणि रस्सा मालवणी मसाल्यातच होतो, एवढंच आज.

साफसफाई त्याच रात्री. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते, सकाळपर्यंत गंज धरायला लागतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण, मग कोरडं करून तेल. घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. बाथटबमध्ये धुवायचं नाही असं बायकोनं बजावलंय. बाहेर उणे आठ आहे. बघतो काय जमतंय ते.