रोजची शर्यत

नमस्कार. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. गेल्या आठवड्यात तुम्ही तीन-चार वेळा धावला असाल. त्यातलं सगळ्यात हळू धावणं आणि सगळ्यात जोरात धावणं, यांत किलोमीटरमागे किती सेकंदांचा फरक होता? मनातल्या मनात सांगा. दहा? पंधरा? पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, म्हणजे बोट बरोबर दुखऱ्या जागी पडलं.

माझंही तेच होतं. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर धावायला लागले. पहिली दोन वर्षं वेळ आपोआप कमी होत गेली. नवखेपणाचं ते सुखच असतं, काहीही केलं तरी अंगी लागतं. मग 10 किलोमीटरची वेळ 61 मिनिटांवर येऊन बसली, ती हलेचना. दीड वर्ष! मी आणखी जोर लावला, नवे बूट घेतले, नडगी दुखवून घेतली. शेवटी एका रविवारी सरावाची वही उघडून बसले. मंगळवार : किलोमीटरला 6 मिनिटं 20 सेकंद. गुरुवार : 6-15. शनिवार : 6-25. पानामागून पानं तीच. माझा शर्यतीचा वेग होता 6-06. म्हणजे मी रोज जवळजवळ शर्यतच धावत होते, आणि शर्यतीच्या दिवशी रोजच्यासारखीच धावत होते.

हा मधला वेग मोठा फसवा. घाम येतो, धाप लागते, घरी आल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं. तो वाया जातो असं मी म्हणणार नाही. पण तो इतका थकवतो की आठवड्याचे एकूण किलोमीटर वाढवता येत नाहीत, आणि जोरात धावायच्या दिवशी पायात जोर उरत नाही.

यावर उपाय एकच, बहुतेक दिवस सोप्या, हळू वेगात धावायचं. त्या सोप्या वेगात शरीरात काय चालतं ते थोडक्यात सांगते. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात. शरीर चरबी जास्त जाळतं आणि साखरेचा साठा पुरवून वापरतं. हे सगळं प्रामुख्याने मिनिटांवर वाढतं, आणि मिनिटं साठवायची तर वेग सोपा हवा.

ही काही आजची युक्ती नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आधी स्वतःवर प्रयोग केले, मग आपल्या धावपटूंना आठवड्याला शंभर मैल धावायला लावलं. त्यांतला पीटर स्नेल तर 800 मीटरवाला, त्याची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपणारी! 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलने 800 मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच दिवशी लिडियार्ड यांच्याच मरे हॅलबर्गने 5000 मीटरचं. पुढे स्टीफन सायलर या संशोधकाने वेगवेगळ्या दमाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला. साधारण 80 टक्के सत्रं सोपी, उरलेली खरोखर कठीण, असं चित्र त्यात दिसलं. आता, आठवड्यातून तीनच दिवस धावणाऱ्याने हे 80-20 काट्यावर तोलत बसू नये. तीनपैकी एक दिवस कठीण ठेवला तरी झालं. मात्र उरलेले दोन खरोखर सोपे हवेत.

सोपं म्हणजे किती? शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ एवढ्यावर संभाषण आलं की तुम्ही पुढे गेलात. मी पहिल्यांदा असं धावले तेव्हा घड्याळात किलोमीटरला 7 मिनिटं 15 सेकंद दिसत होते. एक आजोबा मला मागे टाकून गेले. ते चालत नव्हते, पण त्याला धावणं म्हणायलाही जरा मन मोठं करावं लागलं असतं. फार लाज वाटली. पण खरं सांगते, सगळ्या सरावात सोसायला कठीण असं हे एवढंच आहे.

आता कठीण दिवसाकडे. टेम्पो रन तुम्ही ऐकलंच असेल. साधारण तासभर टिकवता येईल असा तुमचा कमाल वेग, तो टेम्पोचा. 10 किलोमीटरला तास घेणाऱ्यासाठी तो 10 किलोमीटरच्या शर्यतीचाच वेग झाला. तो सलग 20 मिनिटं धरायचा, नाही जमलं तर आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटं हळू. या वेगाच्या वर गेलं की रक्तात लॅक्टेट, म्हणजे स्नायू साखर वापरताना तयार होणारा पदार्थ, साचायला लागतं. जाता जाता, लॅक्टेट हे विष नव्हे, स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचं खापरही त्याच्यावर फोडू नका.

इंटरव्हलबद्दल, म्हणजे थोडं अंतर जोरात, मग थोडं हळू, असं पुन्हा पुन्हा धावण्याबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. माझी पहिली इंटरव्हलं ऐका. 800 मीटर पाच वेळा, मध्ये 400 मीटर हळू. माझ्या हिशेबाने प्रत्येकी 4 मिनिटं 40 सेकंद व्हायला हवी होती. पहिली फेरी मी 4-20 मध्ये मारली, ताजे पाय, वर दोघंजण बघत होते. दुसरी 4-30. तिसरी 4-50. चौथ्या फेरीला 5-05 लागले आणि मी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. पाचवी झालीच नाही. त्यानंतर मी एकच नियम पाळते : शेवटची फेरी पहिलीइतकीच वेगवान आली पाहिजे. तसं व्हायचं तर पहिली चक्क आळशी वाटते. वाटू द्या.

कॅडन्सबद्दल, म्हणजे मिनिटाला किती पावलं पडतात त्याबद्दल, दर वेळी कुणीतरी विचारतं : मिनिटाला 180 पावलं हवीतच का? जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तिथून हा आकडा निघाला. ते लोक शर्यतीत होते, जीव तोडून धावत होते. आपण 7-15 ने जाताना तो आकडा गाठायचा अट्टहास कशाला? पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही ना, एवढं बघा.

एक इशारा देते. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायूबंध आणि हाडं मजबूत व्हायला महिने लागतात. ‘आता तर मी सहज धावतोय’ असं वाटतं ना, नेमक्या त्याच काळात माणसं दुखापत करून घेतात. तेव्हा दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा किलोमीटर कमी करा, अंग ठणठणीत असलं तरीही.

फरक किती दिवसांत दिसेल, असं मागून विचारलंय. शर्यतीत शोधू नका. तोच रस्ता, साधारण तेच हवामान, नाडीचे तेच ठोके, आणि मग घड्याळ बघा. माझ्या वहीत दहाव्या आठवड्यात 7-15 चे 6-50 झालेले दिसतात, तेही गप्पा मारत. 61 मिनिटांचे 57 व्हायला मात्र आणखी सात महिने लागले. ज्यांनी आपापल्या वह्या आणल्यात त्यांनी कार्यक्रम संपल्यावर इथेच थांबा, आपण एकेक बघू. आणि ज्यांच्या वहीत नुसत्या वेळा आहेत, त्यांनी तोवर मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी बोलता येत होतं आणि कुठल्या दिवशी नाही, ते आठवून शेजारी लिहून ठेवा.