दोन पोर्ट, चार सिलिंडर: मिनीच्या इंजिनासाठी कॅम निवडताना

टेबलावरचं हे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, जुन्या ब्रिटिश मिनी गाडीच्या 1275 सीसी इंजिनाचं. ए-सिरीज. या घराण्यातलं पहिलं इंजिन 1951 मध्ये ऑस्टिन ए-30 गाडीत बसलं, तेव्हा ते 803 सीसीचं होतं. आपल्या ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं बी-सिरीज इंजिन याचंच थोरलं भावंड.

इनटेकची बाजू नीट बघा. सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोल आत घेणारे पोर्ट दोनच. एक आणि दोन नंबरचा मिळून एक, तीन आणि चारचा मिळून दुसरा. कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, निवड इथूनच सुरू होते.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, आहे 1-3-4-2. दोन नंबरचं सक्शन सुरू झालं की क्रँकच्या (पिस्टन हलवणाऱ्या दांड्याच्या) बरोबर अर्ध्या फेऱ्यानंतर, म्हणजे 180 अंशांनी, एक नंबर त्याच पोर्टमधून ओढू लागतो. इनलेट व्हॉल्व्ह 230 अंश उघडा ठेवणारा साधा कॅम असेल, तर शेजारचे दोन्ही व्हॉल्व्ह 50 अंश एकाच वेळी उघडे राहतात. 286 अंशांचा कॅम घाला, हेच 106 अंश होतात. तेवढा वेळ एक सिलिंडर दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतो. आयडलिंग डगमगतं, खालच्या आरपीएमला पिकअप मिळत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पोर्ट असलेल्या इंजिनात जो कॅम खपून जातो, तो इथं महाग पडतो.

रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला 260 ते 270 अंश पुरे. त्यापुढचा मोह आवरावा, हे आमचं ठाम मत. मात्र कॅटलॉगमधले आकडे जपून वाचा: ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) किती लिफ्टपासून (उचलीपासून) मोजलं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. 1.27 मिमी लिफ्टवरचा आकडा मागून घ्या आणि तोच ताडून बघा.

ड्युरेशन न वाढवता व्हॉल्व्ह जास्त उचलता येतो का? येतो, रॉकर, म्हणजे कॅमची उचल वाढवून व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी, बदलून. लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) उचल 6.5 मिमी असेल, तर 1.25 रेशोच्या रॉकरनं व्हॉल्व्ह साधारण 8.1 मिमी उघडतो, 1.5 रेशोनं 9.75 मिमी. पण मग स्प्रिंग तपासावीच लागते. पूर्ण लिफ्टला तिचे वेढे एकमेकांवर टेकण्याआधी किमान दीड मिमी जागा उरली पाहिजे. नाहीतर पुशरॉड (रॉकरला ढकलणारी दांडी) वाकतो किंवा लोब खरवडला जातो.

आता कॉम्प्रेशन. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 81.28 मिमी. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यावर 45 अंशांनी बंद झाला, तर दाबायला सुमारे 72 मिमी स्ट्रोक उरतो. 70 अंशांनी बंद झाला, तर जेमतेम 60. मोठा कॅम व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो, म्हणून तो घालून कॉम्प्रेशन रेशो जुनाच ठेवला की गाडी आधीपेक्षा मंद वाटते. दोष कॅमला दिला जातो, चूक असते हिशोबाची.

विकत घेण्याआधी कॅमचं मागचं टोक बघा. ऑइल पंप तिथून फिरतो, आणि त्याची जोडणी पिन, खाच किंवा चांदणी अशा तीन तऱ्हांची असते. पंपाशी जुळत नसेल तर कॅम कितीही चांगला असो, निरुपयोगी.

बसवताना खुणेला खूण जुळवून थांबू नका. क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) लावा, पिस्टन स्टॉपनं खरा टॉप डेड सेंटर (पिस्टनची सर्वांत वरची जागा) शोधा, एक नंबरच्या इनलेट पुशरॉडवर डायल गेज टेकवा. पूर्ण लिफ्टच्या अलीकडे-पलीकडे अर्धा मिमी उतरल्यावर समजा 80 आणि 140 अंश आले. मध्य 110. कॅमसोबत आलेल्या कार्डावर 106 लिहिलंय, म्हणजे कॅम 4 अंश मागे आहे. ऑफसेट की किंवा व्हर्निअर चकतीनं तो पुढे घ्या.

टॅपेट (लोबवर टेकून पुशरॉड उचलणारे ठोकळे) नवेच हवेत. जुन्यांवर जुन्या लोबची झीज बसलेली असते. लोबला मॉली पेस्ट लावा. इंजिन पेटलं की आयडलिंगवर सोडू नका, लगेच 2000 ते 2500 आरपीएमला न्या आणि वीस मिनिटं तिथंच, थोडं खालीवर करत ठेवा. मंद फिरताना लोबच्या टोकावर स्प्रिंगचा सगळा जोर येतो आणि वर उडणारं तेल अपुरं पडतं. पहिल्या काही मिनिटांतच कॅम गोल झिजू शकतो. तेलात जस्त-फॉस्फरसचं पुरेसं प्रमाण हवं. मिनीत गिअरबॉक्सही याच तेलात चालतो, म्हणून वीस मिनिटांनंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला.

इंजिन गार झाल्यावर टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर, सेट करा. अंतर जुन्या मॅन्युअलमधलं नको, नव्या कॅमच्या कार्डावरचं घ्या.