कोलारचा काळा दगड

हा दगड आधी नीट बघा. काळपट, किंचित हिरवट, हातात घेतला की जड लागतो, आणि उन्हात तिरका धरला तर हॉर्नब्लेंड या काळ्या खनिजाच्या बारीक काड्या सगळ्या एकाच दिशेला चमकतात. कर्नाटकातलं कोलार म्हटलं की लोक सोनं बघायला येतात, पण ते सोनं आलं कसं हे सांगणारा हाच, त्यामुळे आपण इथेच जास्त थांबणार आहोत.

मुळात हा लाव्हा, साधारण 270 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. बेसाल्टमध्ये सोनं असतंच, पण किती, तर एका टनात काही मिलिग्रॅम.

आता नकाशा. मधली ही काळी पट्टी म्हणजे कोलारचा शिस्ट पट्टा (शिस्ट म्हणजे दाबाने थर पडलेला खडक, आपला काळा दगड तोच), उत्तर-दक्षिण सुमारे 80 किलोमीटर, आणि दोन्ही अंगांना नाइस, म्हणजे ग्रॅनाइटसारखा पट्टेदार खडक. दिसायला दोन्हीकडचा नाइस सारखाच वाटतो, पण त्यातल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाची वयं आणि शिशाचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजले तेव्हा कळलं की पूर्वेचा तुकडा वेगळा, पश्चिमेचा वेगळा, आणि सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी ते एकमेकांना येऊन भिडले. 1989 साली हे सायन्स मासिकात छापून आलं. आज इथे डोंगर शिल्लक नाही, पण आपण एका जुन्या पर्वतरांगेच्या सांध्यावर उभे आहोत!

या भिडण्यात मधला बेसाल्ट दाबला गेला, तापला. 500 अंशांच्या आसपास क्लोराइटसारख्या हिरव्या खनिजांत अडकलेलं पाणी सुटायला लागतं, सोबत कार्बन डायऑक्साइड आणि गंधक, आणि सोनं त्या गंधकाशी जोडी जमवून पाण्यात विरघळतं आणि भेगांमधून वर चढतं. वाटेत लोखंडाने भरलेला दगड लागला की लोखंड गंधक ओढून घेतं, पायराइट बनतं, आणि एकटं पडलेलं सोनं तिथेच बसतं. भेग झटकन उघडून दाब उतरला तरी ते बसतं. पट्ट्याच्या पश्चिमेकडच्या शिरांमध्ये गंधकाची खनिजं भरपूर, चॅम्पियन रीफ या मुख्य शिरेत मात्र बहुतेक गारगोटीच.

आता भिंगातून बघा. ही पांढरी गारगोटी त्याच गरम पाण्यातून जमलेली, आणि तिच्या कडेला, काळ्या दगडाला चिकटून, हा एवढासा पिवळा ठिपका. अशाच शिरांमधून टनाला सरासरी 15 ग्रॅमच्या आसपास सोनं निघालं, म्हणजे मूळ बेसाल्टच्या हजारो पट.

1880 च्या दशकापासून उपसा, 3 किलोमीटरहून खोल शाफ्ट, म्हणजे खाणीचे उभे खड्डे, एकूण 800 टनांच्या आसपास सोनं. 2001 मध्ये खाण बंद झाली आणि सायनाइडच्या मातीचे हे ढिगारे मागे राहिले.

पेद्दपल्लीजवळच्या ज्वालामुखी खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. सोन्याच्या शिरांना वेढून उघडा पडलेला हा काळा शिस्टसुद्धा तसाच जपायला हवा, खडी होण्याआधी.