वाचल्यानंतरची वर्षे

लहान मूल तोल सावरत चालते, धावता धावता वळते, ते मानेच्या वर, कवटीच्या मागच्या भागात असलेल्या लहान मेंदूच्या जोरावर. मेड्युलोब्लास्टोमा ही वेगाने वाढणारी कर्करोगाची गाठ तिथेच धरते आणि मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. त्यामुळे मुलाला सकाळी उठल्याउठल्या उलट्या होतात, डोके दुखते, चाल अडखळू लागते. आणि पुष्कळदा पहिले काही आठवडे पोटाच्या औषधांतच निघून जातात.

या गाठीला हे नाव १९२५ मध्ये हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या अमेरिकी डॉक्टरांनी दिले. पाच वर्षांनी कुशिंग यांनी आपल्या ६१ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा तीन वर्षांनंतर हयात असलेला रुग्ण एकच होता. गाठ काढता येत होती, पण तिच्या पेशी मेंदूतल्या पाण्याबरोबर पाठीच्या कण्यात उतरत. म्हणूनच मँचेस्टरच्या एडिथ पॅटरसन यांनी संपूर्ण मेंदूला आणि कण्याला किरणोपचार, म्हणजे आपल्याकडचे लोक ज्याला शेक म्हणतात तो, देण्याची पद्धत बसवली आणि १९५३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे केमोथेरपीची जोड मिळाली. गाठ जवळजवळ पूर्ण निघालेल्या आणि आजार न पसरलेल्या ३७९ मुलांच्या एका अमेरिकी चाचणीत पाच वर्षांनंतर सुमारे ८६ टक्के मुले हयात होती.

ही मुले मोठी होतात, आणि उपचारांचा परिणाम त्यांच्याबरोबर वाढत राहतो. पिट्यूटरी ग्रंथीवर किरण पडल्यामुळे वाढीचे संप्रेरक कमी पडते, कण्याच्या मणक्यांची वाढ खुंटल्याने धड आखूड राहते, थायरॉइड मंदावते. सिस्प्लॅटिन या औषधाने कानांची उंच स्वर ऐकण्याची शक्ती जाते, त्यामुळे वर्गात बाईंचे बोलणे कानावर पडते, पण शब्द नीट उमटत नाहीत. सर्वांत जड जाते ते विचारांचा वेग मंदावणे: गणित समजते, मात्र पेपर वेळेत पूर्ण होत नाही. अशा मुलाला आळशी म्हणणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. त्याला जादा वेळ मिळायलाच हवा.

मग शेक कमी करता येणार नाही का? संपूर्ण मेंदू आणि कण्याला द्यायच्या किरणांची मात्रा (ती ग्रे या एककात मोजतात) ३६ ग्रेवरून २३.४ ग्रेपर्यंत खाली आली आणि ती टिकली. तीन ते सात वर्षांच्या मुलांमध्ये ती १८ ग्रे करून पाहिली, तेव्हा आजार उलटण्याचे प्रमाण वाढले. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांनी या गाठीच्या डब्ल्यूएनटी या सर्वांत सौम्य उपगटातील मुलांना कण्याचा शेक पूर्णपणे टाळून केवळ गाठीच्या जागी किरण दिले. परंतु काही मुलांत आजार मेंदू-कण्याच्या मार्गावर पुन्हा दिसला आणि ती चाचणी थांबवावी लागली. अपेक्षेविरुद्ध आलेला हा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला, याचे मोल आम्हाला फार वाटते, कारण त्यामुळे इतर मुले त्याच धोक्यातून वाचतात.

टाटा स्मारक रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. उंची, थायरॉइड, श्रवण, अभ्यास यांची विचारपूस तिशीतल्या माणसाचीही करावी लागते, कारण किरणांमुळे होणारी दुसरी गाठ कित्येक वर्षांनी उद्भवू शकते. म्हणून आईवडिलांनी जपून ठेवलेली जुनी फाइल मुलगा किंवा मुलगी मोठी झाल्यावर तिच्या हाती द्यावी: किरण कोणत्या भागाला दिले, किती ग्रे दिले, कोणत्या वर्षी दिले, कोणती औषधे चालली, हे तिच्या नव्या डॉक्टरांना त्याच कागदांतून कळणार असते.