बुळकांडी ते लम्पी : सरकारी पशुवैद्यकाची नोकरी

[दृश्य : गावातला पशुवैद्यकीय दवाखाना, समोर जनावर अडकवून ठेवायचा लोखंडी खोडा]

1990 च्या आसपास पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू झालेल्या पशुवैद्यकाची सुरुवात व्हायची ती श्रेणी-1 च्या दवाखान्यात. कोपऱ्यात द्रव नत्राचं पात्र, त्यात कृत्रिम रेतनासाठी उणे 196 अंशांवर ठेवलेल्या वळूच्या रेतमात्रा. आणि रात्री-अपरात्री येणारा निरोप : ‘डॉक्टर, गाय अडलीय, लवकर चला.’ वासराचे पाय बाहेर, मान मागं वळलेली. खांद्यापर्यंत हात आत घालून ती मान बोटांनीच शोधायची आणि सरळ करायची.

पुढं पशुसंवर्धन खात्यात बढती मिळते. सहायक आयुक्त, मग उपायुक्त. खुर्ची मोठी होते तसा गोठा लांब जातो. पावसाळ्याआधी गुरांच्या घटसर्प-फऱ्या या रोगांवरची लस गावात पोचते ती याच खुर्चीवरच्या कागदांमुळे, हे खरं. पण या अधिकाऱ्यांना पुन्हा गोठ्यात आणलं ते साथींनी.

[दृश्य : जुन्या लसीकरण नोंदवह्या]

बुळकांडी. एकेकाळी दावणीच्या दावणी रिकाम्या करणारा गुरांचा रोग. देशातली त्याची शेवटची नोंद 1995 ची. त्यानंतरचं काम वेगळंच होतं : लस थांबवायची आणि रोग खरोखर उरलेला नाही, हे गावोगाव फिरून सिद्ध करायचं. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला, 2011 मध्ये सगळं जग. आजच्या तरुण डॉक्टरनं हा रोग फक्त पुस्तकात पाहिलाय. त्या पिढीची याहून मोठी कमाई आम्हाला दिसत नाही.

त्याच 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारमधल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. अंगभर संरक्षक पोशाख घालून लाखो कोंबड्या मारायच्या, खड्ड्यात पुरायच्या. साथ थांबवायला दुसरा मार्ग नव्हता.

[दृश्य : अंगावर गाठी आलेली गाय, लसीकरण शिबिर]

आणि निवृत्ती जवळ आली असताना, 2022 मध्ये, लम्पी, गुरांच्या अंगावर गाठी आणणारा त्वचारोग. बैलबाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवी रोगाची लस गाईंना टोचायची ठरलं. मनुष्यबळ अपुरं, म्हणून खासगी पशुवैद्यक आले, आंतरवासितेतले (इंटर्नशिप करणारे) विद्यार्थी आले. आणि पंचावन्न ओलांडलेले अधिकारी खोड्याजवळ उभं राहून त्या मुलांना दाखवत होते : मानेजवळची कातडी चिमटीत धरा, औषध कातडीखालीच जाऊ द्या, आणि पुढच्या जनावराला सुई नवी घ्या.