गालातली जाळी आणि कोरा फॉर्म

मंडळी, विषय आहे तोंडातले लायकेनॉइड चट्टे पॅथॉलॉजीत किती सापडतात. लायकेन प्लॅनस म्हणजे गालाच्या आत पांढरी जाळी उमटवणारा जुनाट दाह; लायकेनॉइड म्हणजे तसाच दिसणारा, पण गोळीमुळे किंवा दाताला भरलेल्या चांदीमुळेही होणारा चट्टा. आकड्यावर येतोच, आधी बाटलीबद्दल बोलू द्या.

बायॉप्सीचा, म्हणजे चट्ट्यातून तपासणीसाठी काढलेला तुकडा हवा १० टक्के फॉर्मालिनमध्ये, आकारमानाच्या निदान दहापट. येतो मात्र सलाइनमध्ये, नाहीतर इंजेक्शनच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत. आत कडक झालेला तुकडा मग बाहेर ओढताना फाटतो. घेतलेला असतो चट्ट्याच्या मधोमध, जिथलं सालपट आधीच गेलंय तिथला. आम्हाला बघायचा असतो वरचा थर आणि खालच्या ऊतीचा सांधा, आणि नेमका तोच गायब! कडेची पांढरी रेष धरून ४-५ मिलिमीटर घ्या. भुलीचं इंजेक्शन तिथेच टोचू नका, बाजूला द्या. चिमट्यात चिरडू नका. फिल्टर पेपरवर पसरवा, नाहीतर तुकडा गुंडाळतो आणि काप तिरपा येतो. इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगाने ऊतीतली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) हवं असेल तर दुसरा तुकडा त्यासाठीच्या मिशेल द्रावणात. फॉर्मालिनमधला त्याला चालत नाही.

आता तुकड्यासोबत येणारा फॉर्म. 'पांढरा चट्टा, निदान व्हावे.' झालं! एका गालात की दोन्हीकडे? समोरच्या दाढेत चांदी भरलीय का? सुपारी कुठल्या बाजूला दाबतात? 'बीपीची गोळी चालू' म्हणजे कोणती? सूक्ष्मदर्शकाखाली लायकेन प्लॅनस आणि लायकेनॉइड सख्खे भाऊ दिसतात: लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा तोच पट्टा, बुडाच्या पेशींची तीच पडझड. घुसखोरी खोलवर, रक्तवाहिन्यांभोवती गेलेली, सोबत प्लाझ्मा पेशी आणि इओसिनोफिल या आणखी दोन दाहाच्या पेशी असतील, तर लायकेनॉइडची शंका घ्यायची, एवढंच. गोळीचं नाव स्लाइडवर उमटत नाही.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली. तर आकडा. जगभरात लायकेन प्लॅनस मोठ्या माणसांत साधारण १ टक्का, भारतात त्याहून कमी. लायकेनॉइडची टक्केवारी निकषांप्रमाणे हलते. लायकेन प्लॅनस कशाला म्हणायचं याचे १९७८ चे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सैल होते. २००३ मध्ये व्हॅन डर माय आणि व्हॅन डर वाल यांनी ते आवळले: चट्टे दोन्ही बाजूंना, कुठेतरी जाळी, डिस्प्लेसिया (पेशींतले कर्करोगाकडे झुकणारे बदल) नाही. यात न बसणारं बरंच काही लायकेनॉइडच्या खात्यात जातं. तेच ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे), तेच रुग्ण, टक्केवारी वेगळी. शिवाय नुसती जाळी दुखत नाही. पोह्यावरचा जीरावण मसाला झोंबायला लागला की माणूस येतो, आणि त्यातल्याही काहींचीच बायॉप्सी होते. या ढिगावरून गावाचं प्रमाण काढणं म्हणजे रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभं राहून 'इंदूर घरी जेवतच नाही' म्हणणं.

दोन्हींत कर्करोगाची शक्यता थोडी, पण आहे. ढोबळमानाने शंभरात एक-दोन, म्हणून तपासणीला येत राहा.

दातातली चांदी काढायची का, हा प्रश्न: चट्ट्याला टेकणारी तेवढीच बदला, सगळी बत्तीशी उकरू नका. फरक पडायला काही आठवडे ते महिने लागतात. आणि संशयित गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. जिने ती लिहून दिली त्या डॉक्टरला विचारूनच बदला. चट्टा त्यानंतरही काही महिने रेंगाळू शकतो.